चार हजार वर्षांची पंचफुला

एका जिवंत बाईला मी चार हजार वर्षांपूर्वी मेलेली ठरवलं होतं. तेही नुसतं तोंडाने नाही. हातोडी मारून, कान लावून, पेटीवर खडूने शेरा लिहून. ती बाई तुमसरकडची होती, सकाळी भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन आली होती, तिची दाढ ठणकत होती, आणि माझ्यापुढे उताणी पडून ती माझंच भाषण ऐकत होती. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे अक्कल सोडून बाकी सगळं माझ्यापाशी होतं. माझी नात म्हणते, "आजी, ये सब मत लिखो ना, लोग हँसेंगे." अगं, हसावं म्हणूनच लिहून राहिले. या वयात लोक आपल्यासाठी रडायची तयारी करून बसलेले असतात, त्यापेक्षा हे बरं.

हिंदी मुलखात, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं, यार्डाला अगदी खेटून. इंजिनाने ढकललेल्या वॅगन सुट्या होऊन घरंगळत यायच्या आणि पुढच्या गाडीला धडकायच्या, आणि ती धडक एका डब्यातून दुसऱ्यात जात जात आमच्या फळीवरच्या पितळी डब्यांपर्यंत पोचायची. आईचा हिंगाचा डबा रोज कडेला सरकायचा, आई रोज तो मागे ढकलायची. वरणाची फोडणी आणि वॅगनची धडक या दोन आवाजांच्या मध्ये जेवढी जागा उरे तेवढ्यात आमच्या घरचं बोलणं व्हायचं, म्हणून आम्ही सगळे थोडे ओरडूनच बोलतो. लग्नानंतर जवळच्याच मरोद्याला राहायला आले तेव्हा सासूबाई महिनाभर समजत होत्या की सूनबाई रागावली आहे.

बाबा ट्रेन एक्झामिनर होते. मालगाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते तिच्या कडेने चालत जायचे आणि एकेका चाकावर ठोकायचे. चाक खणखणलं तर ठीक. भद्द वाजलं तर कुठेतरी चीर. मग त्या डब्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं, आणि तो डबा गाडीतून काढून सिक लाइनीत जाऊन पडायचा. बाबांच्या मते साऱ्या सृष्टीचे दोनच भाग होते, फिट आणि सिक. घरी आल्यावरही त्यांची बोटं थांबत नसत. टरबूज ठोकायचे, माठ ठोकायचे, आईने नवीन आणलेली कढई ठोकायचे. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या पाठीवर त्यांनी प्रेमाने थाप मारली, कान जरा तिरका केला आणि आत येऊन आईला हळूच म्हणाले, "सिक हाय." दमा निघाला त्याला. तेव्हापासून ठोकून पाहण्याच्या विद्येवर माझी जी श्रद्धा बसली ती वेदांवर सुद्धा कधी बसली नाही. आता हाडांचा डॉक्टर माझ्या गुडघ्यावर ती रबराची हातोडी मारतो, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत असते, हा खडू काढतो की काय म्हणून.

त्या वर्षी रेल्वेच्या फ्री पासवर आम्ही एका मोठ्या शहरी फिरायला गेलो. फिरकीचा तांब्या, दशम्या, लसणाची चटणी आणि कोरडं पिठलं असा सरंजाम घेऊन आम्ही तिथलं वस्तुसंग्रहालय पाहायला निघालो. दगडी मूर्तींसमोर आई थकली आणि "इथं बसाले काही नाही ठेवलं या लोकाईनं" म्हणत पायरीवर टेकली. मी पुढच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. तिथे काचेच्या पेटीत ती होती. इजिप्तची ममी. काळपट, चिंध्यांत बांधलेली, पायाचे अंगठे उघडे. दुसऱ्या मुली सिनेमाच्या नटावर भाळायच्या त्या वयात मी हिच्यावर भाळले. पाटीवरचं सगळं मी उतरवून घेतलं. परत आल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत या विषयावर जेवढी पुस्तकं होती तेवढी, म्हणजे दोन, वाचून काढली. त्यातल्या एकाची शेवटची पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे माझं ज्ञान मधेच संपत असे. पण ते मी कोणाला कळू दिलं नाही.

मग घरात दुसरा विषय राहिला नाही. बाबा खिचडी कालवत असायचे आणि मी सांगायची, "बाबा, ते लोक आकडा घालून नाकातून मेंदू काढत असत. मेंदू फेकून द्यायचे, हृदय मात्र जागच्या जागी ठेवायचे." बाबांचा घास हातात राहायचा. "आतडी, फुप्फुसं वेगळ्या बरण्यांत." आई ओरडायची, "कुंदे, जेवू देशीन का नाही त्याईले? बरण्या मंते! माह्या लोणच्याच्या बरणीकडं पाहून बोलून राह्यली ही!" नेट्रॉन नावाच्या खारात प्रेत वाळवतात हे कळल्यावर मी हिशेब केला की हा तर आपला पापडखार आणि मीठ. ओसरीवर एक साळुंकी मरून पडली होती. तिला मी बिस्किटांच्या डब्यात आईच्या वर्षभराच्या पापडखारात पुरलं आणि डबा बाजेखाली सारला. पुढचं सांगायला नको. सगळ्या क्वार्टरात वास सुटला, बाबांनी डबा शोधून काढला, उघडण्याआधी सवयीने वरून ठोकला आणि म्हणाले, "सिक." त्या वर्षी आमचे पापड फुलले नाहीत, आणि त्याचं कारण पाहुण्यांना कधी सांगितलं गेलं नाही.

एवढी तयारी झालेली मुलगी गावात असताना मेल्यात, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, ममीचा तंबू यावा, हे त्या तंबूचं दुर्दैव म्हणायचं की त्यातल्या बाईचं, मला अजून ठरवता आलं नाही. चैत्रातला मेला होता, यार्डापलीकडच्या मैदानात. आकाशपाळणा, मौत का कुआँ, जिलेबीवाले, आणि एका कोपऱ्यात काळ्या कापडाचा तंबू: 'मिस्र की शहज़ादी, चार हज़ार साल पुरानी, देखिए और डरिए.' तंबूच्या मालकाला सगळे मास्टर म्हणत. मिशीला मेण, अंगात मळकं जाकीट, आणि गळ्यात एक पितळी घंटी. लोक आत घ्यायचे, पडदा बाजूला करायचा, लोक "अरे बाप रे" म्हणायचे, लगेच घंटी वाजवून पडदा पाडायचा, असा त्याचा कार्यक्रम. एक खेळ म्हणजे चहा गाळायला लागतो तेवढा वेळ.

मी ठरवलं की ही लबाडी उघडी पाडायची. शेजारच्या गभणेकाकू आणि कॉलनीतल्या चार बाया साक्षीला घेतल्या आणि बाबांची जुनी, दांडा तुटलेली हातोडी पिशवीत टाकली. शास्त्रज्ञ ममी उघडत नाहीत, एक्स-रे काढून आतलं बघतात, हे मी वाचलं होतं. चरोद्यात एक्स-रे कुठला? पण ठोकून आतलं ओळखायची विद्या तर आमच्या घरात होती. पडदा उघडला तशी मी दोरीखालून पलीकडे गेले. मालाच्या खोक्याच्या फळ्यांची पेटी, तिच्यात पट्ट्यांनी गुंडाळलेली आकृती. पट्ट्यांना कात आणि चहाचा रंग दिलेला. नाकापाशी फट, चेहऱ्यावर लाखेसारखं काहीतरी थापलेलं.

"ओ बहनजी, हाथ मत लगाइए!" मास्टर धावला.

"मला शिकवू नका," मी म्हटलं. "माझा अभ्यास आहे." आणि नडगीवर ठोकलं.

आवाज आला भद्द. आकृती तसूभर हलली नाही. आता बाबांच्या नियमाने भद्द म्हणजे सिक, म्हणजे खोटं, म्हणजे मी जिंकले. पण मी दोन पुस्तकं वाचलेली होते ना! मी विचार केला: लाकडाचा पुतळा असता तर ठक् वाजला असता, मातीचा असता तर पोकळ वाजला असता. भद्द वाजतो म्हणजे आत खरं हाड आहे आणि त्यावर वाळलेलं मांस आहे. तर्क चोख होता. हाड खरं होतं, मांसही खरं होतं. फक्त वाळलेलं नव्हतं. पण तो मुद्दा मला सुचला नाही. मी गर्दीकडे वळून म्हटलं, "ही अस्सल आहे." मग पिशवीतला खडू काढून पेटीच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फिट'. गभणेकाकूंनी हात जोडले.

मास्टरच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी आदराचे समजले. ते हसू दाबण्याचे होते हे कळायला मला थोडा काळ लागला. त्याने घंटी वाजवायची थांबवली आणि म्हणाला, "दीदी, आप तो डॉक्टर निकलीं. आप जैसा कोई दो बात बोल दे तो पब्लिक को भी ज्ञान मिले." दोन गोष्टी! मी तर सबंध पुस्तक पोटात घेऊन फिरत होते आणि विचारणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की मी तंबूत. आईला सांगितलं मैत्रिणीकडे जाते. बाबांना सांगितलं की लायब्ररीत.

भाषणाची मला सवय नव्हती, पण हौस दांडगी. सुरुवातीला मी नेट्रॉन, राळ, तागाच्या पट्ट्या एवढंच सांगायची. लोक जांभया देऊ लागले तेव्हा मी राजकुमारी घडवली. राजाची लाडकी, सोळाव्या वर्षी विषाने मेलेली, सावत्र भावाचा संशय. हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. वाळवीने खाल्लेल्या पानांत असेल असं मी मनाशी ठरवलं. मग नाकातला आकडा. तो आला की बाया पदर तोंडाला लावायच्या आणि मागची माणसं टाचा उंचावायची. रोज मी आकडा थोडा आणखी लांब केला. तंबूपुढे रांग वाढली. मास्टरने बाहेर नवीन पाटी लावली, 'कॉलेज की मैडम द्वारा प्रमाणित', आणि दोन खेळांच्या मधली सुट्टी बंद केली. चहा गाळण्याएवढा खेळ होता, त्याचा मी भात शिजण्याएवढा केला. तो सगळा वेळ ती बाई त्या पट्ट्यांत, वर दोन मोठे बल्ब, तंबूच्या कनाती बंद. मी पदराने वारा घेत घेत बोलायची. तिला वारा कोण घालणार? मेलेलं माणूस ते.

आणि पुरावे नव्हते असं कसं म्हणू? पुरावे रोज समोर येत होते आणि मी रोज त्यांना शास्त्राच्या वाटेने लावत होते. कपाळावरची पट्टी ओली दिसली. मी सांगितलं, "खार हवेतली वाफ ओढतो, मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते ना, तसं." पायाला हात लावला तर गरम. "राळेत उष्णता साठून राहते." एकदा नाकावर माशी बसली आणि नाक आक्रसलं, मी म्हटलं की कोरडं चामडं उन्हाने आखडतं. गभणेकाकू चौथ्यांदा खेळ पाहायला आल्या होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुंदा, मी अडाणी बाई हाव. पन हिचं पोट खालवर होऊन राह्यलं वो."

"काकू, तंबूतली हवा तापली की फुगते. पट्ट्यांच्या आत शिरते."

"असं हाय का," काकू म्हणाल्या. "मंग आमच्या मालकाचंई पोट हवेनंच खालवर होते वाटते." आणि गेल्या बिचाऱ्या, माझ्या ज्ञानाला नमस्कार करून.

आता मोबाइलवर नात मला दाखवते. ममीला सबंध यंत्रात सरकवतात, एकही पट्टी न सोडता आतली हाडं, दात, गिळलेला मणी, सगळं दिसतं. दाताला कीड होती, पाठ दुखत असणार, असं सांगतात. मला फार आवडतं ते. पण त्याच कार्यक्रमात असंही सांगितलं की पूर्वी विलायतेतले मोठे लोक ममी विकत घ्यायचे आणि पाहुण्यांना जेवायला बोलावून सगळ्यांदेखत तिच्या पट्ट्या सोडायचे. कोणी तिची पूड करून औषध म्हणून घ्यायचे, कोणी चित्राच्या रंगात घालायचे. नात म्हणाली, "छी, कितने पागल लोग थे!" चरोद्याची शाखा मी चालवत होते हे तिला कुठे माहीत.

रविवारी सगळी कॉलनी मेल्याला लोटली. गभणेकाकूंनी आमच्या आईला पत्ता दिला असणार, कारण दुपारच्या खेळाला पाहते तर पहिल्या रांगेत आई, हातात फिरकीचा तांब्या, आणि तिच्यामागे ड्युटीवरून सरळ आलेले बाबा. मी पेटीआड सरकले. पण दोघं रागावलेले दिसले नाहीत. बाबांच्या तोंडावर तर मुलगी गाडीला झेंडी दाखवते आहे असा अभिमान होता. मग काय! त्या दिवशी मी जन्मात बोलले नसेन तशी बोलले. ऊन इतकं की तंबूचं काळं कापड हाताला चटका देत होतं. आत माणसं खच्चून भरलेली. मास्टर खुणेने सांगत होता, आवरा. मी आवरलं नाही. आईबाबा ऐकत होते ना. राजकुमारीला मी विष दिलं, मारलं, नदीपार नेलं, खारात घातलं, आणि आकडा हातात घेतला.

पेटीतून घरघर आली.

लोक दचकले. मी हात वर केला. "घाबरू नका. जुन्या प्रेतात वायू साठलेला असतो."

मग पेटीतून स्पष्ट शब्द आला. "पाणी."

तंबूत जे झालं ते सांगता येणार नाही. कोणी "भूत" म्हणालं, कोणी "हनुमान". एका बाजूची कनात माणसांसकट आडवी झाली. पाहते तर मास्टर पेटीकडे न येता बाहेर पळणाऱ्या लोकांना "पैसा वापस नहीं होगा" म्हणत होता. गभणेकाकू एका दमात जिलेबीवाल्यापर्यंत पोचल्या होत्या. आणि मी? मी अजूनही वायूवरच होते. आई तांब्याची फिरकी उघडत पुढे आली तेव्हा मी दोन्ही हात पसरून पेटीसमोर उभी राहिले. माझे शब्द मला आजही अक्षर न् अक्षर आठवतात, आणि आठवले की मी रात्री कूस बदलते.

"आई, पाणी नको! ओल लागली तर चार हजार वर्षं वाया जातील!"

आईने मला कधी मारलं नव्हतं. तेव्हाही मारलं नाही. तांब्याच्या बुडाने माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "सरक." तिने नाकाखालची तडकलेली लाख नखाने ओरबाडून काढली, आणि खालून ओठ निघाले. फुटलेले, पांढरे पडलेले. आईने बोटाने ओठांवर पाणी लावलं. ओठ हलले नाहीत. बाबा गुडघ्यावर बसले, कान नाकाशी नेला. मी त्यांना हजारो चाकांवर कान देताना पाहिलं होतं, पण असा चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातला चाकू काढून छातीवरच्या पट्ट्या कापायला लागले आणि म्हणाले, "कुंदा, पायाकडून सुरू कर. लवकर सोड."

मी सोडायला लागले. पट्टीमागून पट्टी. कात आणि घामाने हात लाल झाले. आत जुनी धोतरं फाडून केलेल्या चिंध्या, त्याच्या आत गोणपाट, त्याच्या आत एक विटकं हिरवं लुगडं. घोट्यापाशी पैंजणाचा काळा वळ होता. नडगीवरची पट्टी सुटली तेव्हा तिथे जांभळा डाग दिसला, अंड्याएवढा, माझ्या हातोडीच्या तोंडाएवढाच गोल. पाय गरम होता, तापलेल्या तव्यासारखा, आणि मला त्या वेळी दुसरं काही कळत नव्हतं. एवढंच वाटत होतं की ही मेली तर मी आधीच हिच्या पेटीवर लिहून ठेवलं आहे. 'फिट' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता, माझ्याच अक्षरात, आणि मी तो कोपराने पुसत होते, पट्ट्या सोडत होते, पुसत होते. आई म्हणाली, "थे मंग पुस, आधी इले उचल."

जिलेबीवाल्याच्या बाजेवर टाकून आम्ही तिला आमच्या क्वार्टरात नेलं. कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, सुई लावली, आणि ऊन लागलंय, संध्याकाळपर्यंत वाट बघा, एवढंच बोलून बसून राहिले. आईने तळपायांना कांद्याचा रस चोळला, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. बाबा उंबऱ्यावर बसले. मास्टर तोंड पाडून आला, मिशीचं मेण वितळलेलं, आणि हळू आवाजात विचारलं, "साहब, शहज़ादी शाम के शो तक ठीक हो जाएगी?" बाबांनी यार्डात ऐकू जाईल असं त्याला जे सांगितलं ते मला इथे लिहिता येणार नाही, आतून आई "हळू बोला, बाई निजली हाय" म्हणत होती आणि डबे फळीवर थरथरत होते. मी मोरीत जाऊन रडले. माझ्यासाठी रडले की तिच्यासाठी, खरं सांगायचं तर दोन्ही मिसळलेलं होतं, आणि माझा वाटा जास्त होता.

दिवेलागणीला तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे घर कोनाचं होय?" आईने तिला वाटीवाटीने कैरीचं पन्हं पाजलं. मग मऊ भात आणि पातळ वरण. ती दाढ सांभाळत एका बाजूने चावत होती. तिचं नाव पंचफुला. माहेर तुमसरकडलं, माणूस मँगनीजच्या खाणीत दगावलेला, आणि ती तंबूसंगं गावोगाव फिरत होती. आईने विचारलं, "अवं, असलं काम कावून करतं तू?" तर म्हणाली, "बाई, ह्याच्या आंधी मी नागकन्या होती. टेबलाच्या भोकातून मुंडकं बाहेर, खाली रबराचा साप. थ्याच्यात बोलाव लागे, आन् पोट्टे गालाले बिड्या लावत. ह्याच्यात कसं, पडून राहाचं. कोनी काही लावत नाही." मग तिची नजर माझ्यावर पडली. "म्हंजे, बहुतेक लावत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि आत निघून गेली. बाबाही उठून अंगणात गेले. मी तिच्या पायाशी बसले. दुपारी पुरी पोथी मी घडाघडा बोलले होते. आता कसंबसं म्हटलं की माझं चुकलं, मला माफ करा, तुम्हाला हातोडी मारली, तुम्हाला पाणी देऊ दिलं नाही, मी मूर्ख आहे. ती ऐकत होती, तंबूत ऐकायची तशीच, न हलता, फक्त आता डोळे उघडे होते. नडगीवर माझी नजर गेली तसं तिने लुगडं ओढून तो डाग झाकून घेतला. मग म्हणाली,

"माफी-गिफी राहू दे, पोरी. मले एक सांग. नाकातून काय काढलं, पोटातून काय काढलं, कोन्या मडक्यात ठेवलं, समदं तू रोज सांगत होती. पन थे पोरगी मेली तवा तिची माय रडली का नाही, थे तू एक दिवसई नाही सांगितलं. मी रोज वाट पाहत पडून राहो, का आज तरी सांगशीन."